लाल खिडकीतला नऊ

तुमच्या घरी माळ्यावर किंवा एखाद्या जुन्या कपाटात फिल्मचा कॅमेरा पडलेला असेल, तर हा लेख पुढे वाचण्याआधी एक काम करा. तो खाली उतरवा, कोरड्या फडक्याने पुसा, हातात घेऊन त्याचे वजन पाहा. मात्र त्याचे मागचे झाकण उघडू नका. का उघडायचे नाही, ते लेखाच्या ओघात कळेलच.

आमच्या घरी असाच एक कॅमेरा होता, आग्फा क्लिक-३. साठ-सत्तरच्या दशकांत कितीतरी मध्यमवर्गीय घरांत तो असे. एक काळा डबा, पुढे साधे एकच भिंग, वर डोळा लावून पाहायची चौकट आणि रोल पुढे सरकवायची एक गोल कळ. फारसे काही फिरवायचे नसे, त्यामुळे चुकायलाही फारसा वाव नसे. समोरचा माणूस दहा फुटांच्या आत आला की चित्र अस्पष्ट होई, एवढे लक्षात ठेवले की पुरे. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, तो आपल्या पगारातून घेतला होता. पुढे त्यांना दृष्टी कमी पडू लागली आणि कॅमेरा बिनदाराच्या फडताळात सर्वांत वरच्या फळीवर जाऊन बसला. तिथे तो जवळजवळ चाळीस वर्षे होता.

२०१८ च्या दिवाळीआधी घर आवरताना तो माझ्या हाती आला. अण्णा तेव्हा हयात नव्हते. कॅमेरा उलटा केला तर मागच्या झाकणावरच्या लहानशा लाल खिडकीत एक आकडा दिसत होता : ९.

ही लाल खिडकी काय असते ते सांगतो. अशा कॅमेऱ्यात १२० या नावाचा रोल घालतात. त्यात फिल्मच्या पाठीला काळ्या कागदाची लांब पट्टी लावलेली असते आणि त्या कागदावर १ ते १२ आकडे छापलेले असतात. कळ फिरवत राहायचे आणि खिडकीत पुढचा आकडा आला की थांबायचे. बस्स, फिल्म नव्या चौकटीवर आली. खिडकी लालच का? कारण सुरुवातीच्या काळातल्या फिल्मना लाल प्रकाश जवळजवळ दिसतच नसे. पुढे सर्व रंग टिपणाऱ्या फिल्म आल्या, पण खिडकी लालच राहिली. मग फिल्मचे रक्षण मुख्यतः त्या काळ्या कागदाकडे आले.

तर नऊ. म्हणजे आत रोल होता, आणि त्यावर निदान आठ फोटो काढलेले होते. नववा काढला होता की नाही, हे मात्र सांगता येत नव्हते. या कॅमेऱ्यात झडप, म्हणजे शटर, आणि रोल सरकवायची कळ यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. फोटो काढून झाल्यावर कळ फिरवायची राहून गेली, तर आकडा तोच राहतो. काही लोक फोटो काढताच कळ फिरवत, काही लोक पुढच्या फोटोच्या वेळी. अण्णा कोणत्या पंथाचे होते, ते मला आठवेना.

हे सगळे एवढ्या तपशिलाने सांगण्याचे कारण असे की आमच्या घरात माझ्या आजीचा एकही फोटो नाही. फोटो काढला की आयुष्य कमी होते, अशी तिची समजूत होती. कॅमेरा दिसला की ती पदर तोंडावर ओढून आत निघून जाई. १९८० साली ती गेली. हा रोल त्याच्या आदल्या उन्हाळ्यात घातलेला होता आणि आमच्या घरचा नियम कडक होता : बारा पुरे झाल्याशिवाय रोल धुवायला टाकायचा नाही. आजी गेल्यानंतर उरलेले फोटो काढायचे कोणाच्या मनात आले नाही. अण्णांनी तिला कधी नकळत टिपले असेल, तर ते फक्त या डब्यात होते.

पण चाळीस वर्षांनी त्या फिल्मवर काही शिल्लक राहणे शक्य होते का? हा प्रश्न भावनेचा नाही, रसायनशास्त्राचा आहे. म्हणून आधी तिकडे वळू.

चार अणूंची आठवण

फिल्म म्हणजे प्लास्टिकची एक पारदर्शक पट्टी. तिच्यावर जिलेटिनचा पातळ थर आणि त्या थरात विखुरलेले सिल्व्हर ब्रोमाइडचे स्फटिक. एकेक स्फटिक साधारण एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग एवढा. जिलेटिन तुमच्या ओळखीचे आहे. जेली थरथरते ती त्याच्यामुळेच.

स्फटिकावर प्रकाश पडला की त्यातल्या ब्रोमाइड आयनाकडून एक इलेक्ट्रॉन सुटतो. तो स्फटिकात हिंडतो आणि एखाद्या ठिकाणी अडकतो. तिथे धनभारित चांदीचा आयन येऊन त्याला भेटतो आणि चांदीचा एक अणू तयार होतो. एकटा अणू अस्थिर असतो. तो पुन्हा मोडूनही जातो. पण तेवढ्यात आणखी इलेक्ट्रॉन त्याच जागी आले, तर तिथे अणूंची छोटी वस्ती होते. अशी सुमारे चार अणूंची वस्ती झाली की ती टिकते. १९३८ साली गर्नी आणि मॉट या शास्त्रज्ञांनी ही क्रिया प्रथम नीट उलगडून दाखवली.

चार अणू! स्फटिकात तर चांदीचे अब्जावधी आयन असतात. सूक्ष्मदर्शकातून पाहिले तरी प्रकाश पडलेला स्फटिक आणि न पडलेला स्फटिक यांत काही फरक दिसत नाही. म्हणून या चित्राला 'सुप्त प्रतिमा' म्हणतात. पण डेव्हलपर या द्रावणाला हा फरक कळतो. ज्या स्फटिकावर अशी वस्ती आहे, त्याच्यावर तो आधी तुटून पडतो आणि त्याची सगळीच्या सगळी चांदी मोकळी करतो. चार अणूंच्या खुणेवरून अब्जावधी अणू. जिथे प्रकाश जास्त, तिथे चांदी जास्त. आणि ही बारीक कणांची चांदी चमकत नाही, काळी दिसते. म्हणून आकाश काळे आणि केस पांढरे, असे उलटे चित्र मिळते. तेच निगेटिव्ह.

उरलेल्या स्फटिकांचे काय? ते तसेच ठेवले तर उजेडात तेही काळे पडतील. त्यांना विरघळवून टाकतो तो हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. चांदीचे क्षार हायपोत विरघळतात, हे जॉन हर्शेल यांनी १८१९ सालीच पाहून ठेवले होते. वीस वर्षांनी, १८३९ मध्ये, फोटोग्राफीचा शोध लागल्याची वार्ता आली तेव्हा त्यांना आपले जुने निरीक्षण आठवले आणि चित्रे कायम करण्याचा प्रश्न सुटला. निरीक्षण लिहून ठेवले, तर ते कधी कामाला येईल हे सांगता येत नाही.

इथे एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. पूर्वी जिलेटिनच्या एका घाण्यातून उत्तम, जलद फिल्म होई, तर दुसऱ्या घाण्यातून मंद. कारण कोणालाच कळेना. जिलेटिन गुरांच्या हाडा-कातड्यांपासून करतात. कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेतील सॅम्युएल शेपर्ड यांनी १९२५ साली शोधून काढले की चांगल्या जिलेटिनमध्ये गंधकाच्या संयुगांचा अगदी किंचित अंश असतो. मोहरीला तिचा झणका देणाऱ्या संयुगाच्या जातीचा. म्हणजे गुरांनी चारा खाताना मोहरीच्या कुळातल्या वनस्पती खाल्ल्या होत्या! या गंधकामुळे स्फटिकावर सिल्व्हर सल्फाइडचे ठिपके तयार होतात आणि हिंडणारे इलेक्ट्रॉन नेमके तिथे अडकतात. आपल्या फोडणीतली मोहरी आणि कॅमेऱ्यातली फिल्म यांचे असे नाते आहे.

आता मूळ प्रश्न. ही चार अणूंची वस्ती किती काळ टिकते? याचे उत्तर एका दुर्दैवी मोहिमेने दिले आहे. १८९७ च्या जुलैमध्ये स्वीडनचे आंद्रे, स्ट्रिंडबर्ग आणि फ्रेंकेल हे तिघे हायड्रोजनच्या फुग्यातून उत्तर ध्रुवाकडे निघाले. फुगा तीन दिवसांतच बर्फावर उतरला. तिघे अडीच-तीन महिने बर्फ तुडवत राहिले आणि शेवटी एका निर्जन बेटावर मरण पावले. १९३० साली त्यांचा तळ सापडला. त्यात स्ट्रिंडबर्गचा कॅमेरा आणि फोटो काढलेल्या फिल्म होत्या. तेहतीस वर्षे बर्फात भिजलेल्या त्या फिल्म जॉन हर्ट्झबर्ग यांनी स्टॉकहोममध्ये अतिशय काळजीपूर्वक धुतल्या आणि सुमारे २४० पैकी ९३ चित्रे वाचवली. बर्फावर कोसळलेला फुगा आणि त्याच्याकडे पाहत उभी असलेली माणसे त्यांत स्पष्ट दिसतात.

अर्थात ते आर्क्टिकचे बर्फ होते. आमच्या फडताळाने चाळीस मे महिने आणि चाळीस पावसाळे पाहिले होते. उष्णता आणि दमट हवा ही फिल्मची शत्रू. ज्या स्फटिकांवर प्रकाश कधी पडलाच नाही, तेही कालांतराने आपोआप 'जागे' होतात. अंतराळातून येणारे विश्वकिरणही थोडी भर घालतात. मग डेव्हलपरमध्ये सगळीच फिल्म करडी होते. याला फॉग म्हणतात. धुके वाढत जाते आणि चित्र त्यात बुडते.

छत्तीसचा हिशेब

हा कॅमेरा सापडेपर्यंत मी काही नवखा नव्हतो. गेली तीस-पस्तीस वर्षे मी फिल्मवर फोटो काढत आलो आहे. या छंदात सुख किती आणि मनस्ताप किती, याचा हिशेब मांडायचा तर दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या येतील.

मोबाइलवर तुम्ही एका संध्याकाळी दोनशे फोटो काढता. ३५ मिलिमीटर फिल्मच्या रोलवर छत्तीसच असतात. त्यामुळे प्रत्येक वेळी हात थांबतो. ऊन कुठून येते आहे? सावली चेहऱ्यावर तर नाही ना? आणखी दहा मिनिटे थांबावे का? दाबल्यावर पाठीमागे काही उमटत नाही. उमटले की नाही ते आठवड्याने कळणार. त्यामुळे आधी डोक्यात चित्र काढावे लागते. मला तरी या छंदातला सर्वांत मोठा आनंद तिथेच मिळतो, फोटो हातात आल्यावर नव्हे. माझे काही मित्र याच्याशी सहमत नाहीत.

आणि यात गणित आहे. भिंगाच्या कड्यावर २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे विचित्र आकडे असतात. हे कुठून आले? भिंगाच्या नाभीय अंतराला प्रकाशछिद्राच्या व्यासाने भागले की हा आकडा मिळतो. आता वर्तुळाचे क्षेत्रफळ निम्मे करायचे तर व्यास किती करावा लागेल? निम्मा नव्हे! क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून व्यासाला २ च्या वर्गमुळाने, म्हणजे १.४१४ ने भागावे लागते. ४ ला १.४१४ ने गुणा : ५.६. पुन्हा गुणा : ८. प्रत्येक पुढच्या आकड्याला आत येणारा प्रकाश बरोबर निम्मा. शटरचे आकडेही असेच असतात : सेकंदाचा १/६०, १/१२५, १/२५०. एकीकडे निम्मे केले तर दुसरीकडे दुप्पट करायचे. फिल्मवर पडणारा एकूण प्रकाश तोच राहतो. वर्गमूळ कशाला शिकायचे, असे कोणी विचारले की मी भिंगाचे हे कडे दाखवतो.

प्रकाशमापक नसला तरी अडत नाही. भर उन्हात छिद्र १६ वर ठेवायचे आणि शटरचा वेग फिल्मच्या वेगाच्या आकड्याएवढा : १०० वेगाच्या फिल्मला सेकंदाचा १/१२५, ४०० च्या फिल्मला १/५००. ढगाळ असेल तर छिद्र ८ वर. एवढा एक नियम पाठ करून लोकांनी आयुष्यभर फोटो काढले आहेत.

आता मनस्तापाकडे. २४ ऑक्टोबर १९९५ चे खग्रास सूर्यग्रहण पाहायला आम्ही काही मित्र फत्तेपूर सिक्रीला गेलो होतो. सकाळी साडेआठच्या सुमारास खग्रास स्थिती, तीही एका मिनिटाच्या आत संपणारी. महिनाभर तयारी केली होती. उसना आणलेला तिपाया, २०० मिलिमीटरचे भिंग, कोणत्या सेकंदाला शटरचा कोणता वेग ठेवायचा याचा तक्ता. (२०० मिलिमीटरच्या भिंगानेही फिल्मवर सूर्याची प्रतिमा दोन मिलिमीटरपेक्षा लहानच येते, हे तेव्हा मला प्रथम उमगले.) खंडग्रास अवस्थेत भिंगावर सौर गाळणी होतीच. ती नसताना कॅमेऱ्यातून सूर्याकडे कधीही पाहायचे नसते, हे तुम्हीही पक्के लक्षात ठेवा. डोळा कायमचा जातो.

अंधार पडला, प्रभामंडल दिसले, आजूबाजूची माणसे ओरडू लागली. मी खाली मान घालून शटर दाबत होतो. सूर्य पुन्हा बाहेर आला तेव्हा मी समाधानाने उरलेले फोटो काढू लागलो. आकडा छत्तीसवर गेला. सदतीस, अडतीसही होते कधीकधी. मग चाळीस आला, एकेचाळीस आला, आणि माझ्या पोटात गोळा उठला. आदल्या रात्री मिणमिणत्या दिव्याखाली रोल भरताना फिल्मचे टोक पलीकडच्या दांडीत नीट अडकलेच नव्हते. आकडे पुढे जात होते, फिल्म जागेवरच होती. एकेचाळीस वेळा मी कॅमेऱ्याच्या रिकाम्या पोटाचा फोटो काढला होता. आणि फोटो काढण्याच्या नादात ते प्रभामंडल डोळे भरून पाहिलेही नव्हते.

तेव्हापासून रोल भरल्यावर मी एक गोष्ट न चुकता पाहतो. पुढच्या चौकटीकडे जायचा खटका ओढला की डाव्या बाजूची, रोल गुंडाळायची कळ उलटी फिरली पाहिजे. ती फिरली तरच फिल्म चालते आहे. तो कोरा रोल मी परतीच्या प्रवासात वापरला. त्यावर आमच्या रेल्वेच्या डब्यातल्या एका लहान मुलीचा फार सुंदर फोटो आला.

न्हाणीघरातली प्रयोगशाळा

रोल स्वतः धुण्यात जी मजा आहे ती स्टुडिओत देण्यात नाही. वरातीचे, लग्नाचे फोटो धुवायला देत असू, पण कृष्णधवल रोल आम्ही घरीच धूत असू. रात्री न्हाणीघराच्या खिडकीला काळे कापड लावायचे, दाराच्या फटीत गोधडी खुपसायची आणि ठार अंधारात फिल्म एका चक्राकार खाचांच्या रिळात भरायची. डोळ्यांचा काही उपयोग नाही, सगळे बोटांवर. आधी टाकाऊ फिल्म घेऊन उजेडात, मग डोळे मिटून, असा सराव करावा लागतो. फिल्म मध्येच अडकली आणि हाताला घाम आला, की जी चिडचिड होते तिला तोड नाही. एकदा रीळ झाकणाच्या डब्यात बंद झाले की मग दिवा लावता येतो आणि द्रावणे वरून ओतता येतात.

डेव्हलपरचे जुने, नावाजलेले सूत्र डी-७६ असे आहे : एक लिटर पाण्यात मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि बोरॅक्स २ ग्रॅम. मेटॉल व हायड्रोक्विनोन चांदी मोकळी करतात, सल्फाइट द्रावणाला हवेतल्या ऑक्सिजनपासून वाचवते आणि बोरॅक्स ते किंचित अल्कधर्मी ठेवतो. ही रसायने हाताळताना हातमोजे हवेत, हवा खेळती हवी, आणि शाळकरी मुलांनी हे काम मोठ्या माणसाच्या सोबतीनेच करावे.

पुस्तकात लिहिलेले असते : तापमान २० अंश सेल्सिअस. पुस्तक लिहिणाऱ्याने बहुधा मे महिन्यातले नागपूर पाहिलेले नसते! आमच्याकडे नळाचे पाणीच तीसच्या वर. तापमान चार अंशांनी वाढले की धुण्याचा वेळ सुमारे एक तृतीयांशाने कमी करावा लागतो. फार वाढले तर जिलेटिन मऊ पडून सुटू लागते. म्हणून बादलीत बर्फ टाकून तीत द्रावणाच्या बाटल्या उभ्या करायच्या, तापमापक घालून बसायचे. सगळी द्रावणे एकाच तापमानाची हवीत. एकदा थंड डेव्हलपरनंतर मी घाईत गरम पाणी ओतले आणि जिलेटिनला सुरकुत्या पडून सगळ्या चित्रांवर सुकलेल्या तळ्यासारखी जाळी उमटली.

मग धूळ. मग पाण्याच्या थेंबांचे डाग. मग पावसाळ्यात भिंगावर चढणारी बुरशी. कोकणातल्या माणसांना हे सांगायलाच नको. कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्या टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा लागतो.

आणि आता खर्च. उटीला, म्हणजे उदकमंडलमला, १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याचा 'इंदू' रोल एके काळी गावोगाव मिळे. तो कारखाना आता बंद आहे. आज जे रोल मिळतात ते परदेशी, आणि एका रोलमागे शेकडो रुपये मोजावे लागतात. कॅमेरे जुने, दुरुस्त करणारे हात थोडे. तरीही अलीकडे कॉलेजातली मुले आजोबांचे कॅमेरे घेऊन माझ्याकडे येतात, याचे मला नवल वाटते.

करून पाहा

फिल्म नसली तरी यातले मूळ रसायन तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत पाहता येईल. शिक्षकांना विनंती की हा प्रयोग त्यांनी स्वतः उभे राहून करून घ्यावा. सिल्व्हर नायट्रेट डोळ्यांना घातक आहे आणि कातडीवर पडले तर दिवसेंदिवस न जाणारे काळे डाग पडतात. चष्मा व हातमोजे हवेतच.

चित्रकलेचा जाड कागद मिठाच्या सौम्य द्रावणात (१०० मिलिलिटर पाण्यात २ ग्रॅम मीठ) दोन-तीन मिनिटे बुडवून वाळवा. मग अंधाऱ्या खोलीत, मंद पिवळ्या दिव्यात, त्यावर ऊर्ध्वपातित पाण्यातले १० टक्के सिल्व्हर नायट्रेट मऊ ब्रशने एकदाच फिरवा. कागदात सिल्व्हर क्लोराइड तयार होते. वाळल्यावर त्यावर पिंपळाचे किंवा नेच्याचे पान ठेवा, वर काच दाबा आणि उन्हात धरा. दहा-पंधरा मिनिटांत उघडा भाग जांभळट तपकिरी होतो. पान उचला : खाली त्याची पांढरी आकृती! आता कागद १० टक्के हायपोत काही मिनिटे ठेवा आणि भरपूर पाण्यात धुवा. वापरलेले हायपो मोरीत ओतू नका. त्यात चांदी उतरलेली असते, ते बाटलीत वेगळे जमवा.

टॅल्बट यांनी १८३४-३५ मध्ये इंग्लंडात नेमके हेच केले. मीठ जास्त घातले तर कागद जलद होईल असे वाटते ना? त्यांनाही तसेच वाटले होते, आणि दिसले उलट. तुम्ही मिठाचे प्रमाण बदलून तीन कागद करा आणि स्वतःच पाहा.

चित्राच्या वेडाने आपल्याकडेही माणसे अशीच धडपडली आहेत. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्याआधी काही काळ गोध्र्याला फोटोग्राफर होते. १९१२ साली त्यांनी कुंडीत वाटाणा लावून त्याच्या वाढीचे टप्प्याटप्प्याने चित्रण केले आणि अंकुर डोळ्यांदेखत वाढताना दाखवला. पुढे 'राजा हरिश्चंद्र'ची फिल्म धुण्याच्या कामात सरस्वतीबाई त्यांच्या बरोबरीने राबत होत्या.

नववी चौकट

आता आमच्या रोलकडे. तो धुवायची संधी एकदाच. कोणता डेव्हलपर, किती वेळ, हे चुकले तर संपले. पण विचार करता एक वाट दिसली. कॅमेरा नऊवर थांबला होता. म्हणजे दहा, अकरा आणि बारा या चौकटी नक्की कोऱ्या होत्या, आणि त्यांनीही तेवढीच वर्षे त्याच फडताळात काढली होती. त्यांच्यावर प्रयोग करता येत होता.

ठार अंधारात कॅमेरा उघडला. नवव्या चौकटीच्या पुढे, न गुंडाळलेल्या बाजूने, फिल्म चाचपून कातरली. उरलेल्या तुकड्याच्या तीन पट्ट्या केल्या. प्रत्येकीचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून उरलेल्यावर क्षणभर मंद प्रकाश पाडला आणि तिन्ही वेगवेगळ्या तऱ्हेने धुतल्या. नेहमीच्या पद्धतीने धुतलेली पट्टी सबंध करडी झाली. झाकलेला आणि उघडा भाग यांत फरक जेमतेम. दुसरीच्या वेळी डेव्हलपरमध्ये थोडे पोटॅशियम ब्रोमाइड घातले, त्याने फॉग दबतो. फरक वाढला. तिसरीला ब्रोमाइड तेवढेच ठेवून द्रावण अधिक तीव्र केले आणि वेळ कमी केला. दोन भागांमधली रेघ स्वच्छ दिसली. त्याच रीतीने, दुसऱ्या रात्री, मी बाकीचा रोल धुतला.

हायपोतून काढून फिल्म दिव्यासमोर धरली. पहिल्या दोन चौकटींत करड्या धुक्याशिवाय काही नाही. तिसरीत आमच्या आळीतले वडाचे झाड. चौथी ते सहावी एका मुंजीची, बटू मीच. सातवी हललेली. आठवीत अण्णांची सायकल. आजी कुठेच नव्हती.

नववीत काहीतरी होते. अण्णा फोटो आधी काढून कळ नंतर फिरवणाऱ्यांपैकी होते म्हणायचे! ही चौकट चाळीस वर्षे लाल खिडकीच्या समोर होती आणि काळ्या कागदातूनही झिरपलेल्या उजेडाने तिच्या बरोबर मध्यभागी एक गोल डाग पडला होता. निगेटिव्हवर काळा, म्हणून छापल्यावर पांढरा. डागाच्या डावीकडे नऊवारी नेसलेली एक बाई अर्धवट पाठमोरी उभी होती. चेहरा एका बाजूने दिसत होता. तिला फोटो काढल्याचे कळलेले नव्हते.

प्रिंट करून मी तो आत्याकडे घेऊन गेलो. आत्याचे वय पंचाऐंशीच्या पुढे. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिले. मी म्हटले, "आत्या, नेमक्या मध्यावर हा डाग पडला बघ. त्याला काही इलाज नाही."

"डाग कसला?" आत्या म्हणाली. "तिथे तुळस आहे. ही पाणी घालतेय. उजव्या हातात तांब्या असणार, तो झाकला गेलाय." आणि मग तिने विचारले, "मला एक प्रत देशील का रे?"